मुलगी मिळत नाही, आणि घरात मुलगी नको

पत्र, थोडक्यात : लिहिणारे सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातले ३४ वर्षांचे शेतकरी आहेत. बी.ए. झालेले, घरची पाच एकर बागायत, ऊस आणि थोडी द्राक्षं, व्यसन कसलंही नाही. बरीच वर्षं स्थळं बघणं चालू आहे, पण जमत नाही. गावात तिशी ओलांडलेली आणि लग्न न झालेली पन्नासेक मुलं आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू मुलांनी नवरदेवाचा पोशाख करून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता, त्यातही ते होते. आता एका एजंटनं परराज्यातली मुलगी सुचवली आहे. अडीच लाख मागतो, आठ दिवसांत लग्न लावून देतो म्हणतो. आई तयार आहे. त्याच घरात मोठ्या भावाच्या पत्नीला तिसऱ्यांदा दिवस गेलेत. पहिल्या दोन मुली. आई रोज म्हणते, “आधी बघून घ्या. हद्दीपलीकडं सोय आहे.” भाऊ गप्प आहे. पत्रलेखक विचारतात, एजंटला हो म्हणू का? आणि वहिनीच्या बाबतीत धाकट्यानं तोंड उघडावं का? “दोन्ही गोष्टी एकाच घरात चालल्यात, हे बघवत नाही, पण बोलू कुणाशी?”

उत्तर :

तुमचे दोन प्रश्न आहेत, पण मी त्यांचा क्रम बदलते. एजंटला पुढच्या महिन्यात उत्तर दिलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. वहिनींच्या बाबतीत तेवढा वेळ नाही. म्हणून आधी त्यांचं.

तोंड उघडायचं का? उघडायचं. आणि आईकडे जाण्याआधी भावाकडे जायचं. चारचौघांत विषय काढलात तर भाऊ आईसमोर हो ला हो करेल आणि मग त्या शब्दाला बांधला जाईल. मोटार चालू करायला, औषध मारायला दोघं रानात जात असालच. तिथं बोला. तो गप्प आहे म्हणजे त्याचीही संमती आहे, असं तुम्ही धरून चाललाय. मला तसं वाटत नाही. आपल्याकडच्या घरांत गप्प बसणारा पुष्कळदा कुणीतरी आपल्या वतीनं नको म्हणेल याची वाट बघत असतो. त्याला ते म्हणायला सोबत द्या.

काय बोलायचं तेही सांगते. पोटातल्या बाळाचं लिंग तपासणं आणि सांगणं हा देशभर गुन्हा आहे, हद्दीच्या अलीकडेही आणि पलीकडेही. महाराष्ट्रानं यावर १९८८ साली कायदा केला, देशातला पहिला. त्यानंतर १९९४ चा केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. तपासणी करा म्हणून मागणी करणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड आहे, आणि गुन्हा अजामीनपात्र आहे. बाईला नवऱ्यानं आणि नातेवाइकांनी भाग पाडलं, असंच कायदा मुळात धरून चालतो. म्हणजे सापडला तर तुमचा भाऊ सापडेल, आणि त्याच्या शेजारी आई. भावाला हे स्पष्ट सांगा. ज्याच्या कानावर माया आणि न्याय जात नाही, त्याच्या कानावर कधीकधी कोर्टाची तारीख जाते. असं का, याचं वाईट वाटून घ्यायला नंतर वेळ आहे.

त्याहून मोठी भीती वहिनींच्या जिवाची. असल्या ‘सोयी’ चोरीच्या असतात. पुढचं कामही चोरीनंच होतं, कुठल्यातरी मागच्या खोलीत, रक्त चढवायची तयारी नसलेल्या ठिकाणी. मार्च २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, म्हैसाळला, बेकायदा गर्भपातात एका तरुण बाईचा जीव गेला. त्या तपासात पुरलेले १९ भ्रूण निघाले. गाडी करून तिकडं निघालेल्या प्रत्येक घराला आपली बाई सुखरूप परत येईल असंच वाटत असतं.

आता एक गोष्ट मला खटकली ती सांगते. तुमच्या पत्रात आईचं म्हणणं आहे, भावाचं गप्प बसणं आहे, तुमची घालमेल आहे. वहिनींना स्वतःला काय हवंय, याचा एक शब्दही नाही. त्यांना विचारलंय का कुणी? भावानं विचारायला हवं, दार लावून, शांतपणे. हे मूल त्यांना हवं असेल तर घरानं त्यांच्यामागं उभं राहायचं. दोन मुलींवर थांबायचं होतं, तिसरं बाळंतपणच नको होतं, असं त्या म्हणाल्या तर तो वेगळा विषय आहे. कायद्यात बसणारा गर्भपात नोंदणीकृत डॉक्टरकडे, सरकारी दवाखान्यातसुद्धा होतो, आणि सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याचीही परवानगी लागत नाही. मूल हवं की नको हे ठरवणं हा त्यांचा हक्क आहे. मुलगी असेल तर नको, हे ठरवायचा हक्क कुणालाच नाही. या दोन गोष्टींची गल्लत पुष्कळ घरांत होते आणि मग भीतीपोटी बाई धड दवाखान्यातही जात नाही.

करायचं काम एवढंच, की या आठवड्यात आशाताईंकडे वहिनींची नोंद करून घ्या आणि माता-बाल संरक्षण कार्ड हातात येऊ द्या. नोंद झाली की दर महिन्याला कुणीतरी विचारायला येतं. नोंद असलेलं गरोदरपण मधेच नाहीसं झालं तर प्रश्न निघतो. ज्यांना लपवायचं असतं ते म्हणूनच नोंद टाळतात. वहिनींना धाकदपटशा होत असेल तर महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे. आणि कुठं तपासणी चालते हे नक्की कळलं तर जिल्ह्यात जिल्हा शल्य चिकित्सकांकडे तक्रार करता येते.

आईशी बोलायचं ते यानंतर, आणि दोघा भावांनी मिळून. त्यांना दुष्ट ठरवून सुरुवात करू नका. त्यांच्या मनातला हिशोब साधा आहे. आपल्यामागं जमीन कोण बघणार, म्हातारपणी कोण करणार, आणि दोन मुलींच्या लग्नाला पैसा कुठून आणणार? यातल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर आहे, फक्त ते ‘मुलगा’ हेच असायला हवं असं नाही. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. म्हणजे नाती वारस आहेतच, नव्यानं वारस आणायचा नाही. म्हातारपणाचं म्हणाल, तर सोलापूर शहरात गिरण्या बंद पडल्यावर कितीतरी घरांत चूल पेटती राहिली ती बायकांनी वळलेल्या विड्यांवर. सकाळी पानं, तंबाखू आणून, मांडीवर सूप घेऊन, मान मोडेपर्यंत विड्या वळून त्यांनी सासू-सासरे सांभाळले. पोरगा असला की म्हातारपण निभावतं, हे आपल्याच जिल्ह्याच्या अनुभवाला धरून नाही.

आणि ‘दोन मुली झाल्या, आता मुलगाच’ किंवा ‘हिच्याच पोटात मुली’, दोन्ही चूक. मुलगा की मुलगी हे बापाकडून येणाऱ्या पेशीवर ठरतं, आणि गर्भ राहतो त्या क्षणीच ठरून जातं. प्रत्येक खेपेला शक्यता जवळपास निम्मी-निम्मी. आधीच्या बाळंतपणांची आठवण निसर्ग ठेवत नाही. गर्भ राहिल्यावर मुलगा होण्यासाठी म्हणून कुणी पुडी देत असेल तर ती सरळ फेकून द्या, बाळाला त्यानं अपाय होऊ शकतो.

आता तुमच्याकडे येते.

“मुलीच राहिल्या नाहीत,” असं तुम्ही लिहिलंय. ते खरं आहे, पण तुम्हाला वाटतं तितकं नाही. जरा आकड्यांत बसू या.

निसर्गात मुलगे थोडे जास्तच जन्माला येतात. जगभर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे, म्हणजे आपल्या पद्धतीनं सांगायचं तर १००० मुलग्यांमागे ९५०च्या आसपास मुली. मुलगे बालपणात आणि पुढंही मुलींपेक्षा जास्त दगावतात, त्यामुळं लग्नाच्या वयापर्यंत दोन्ही पारडी बरोबरीला यावीत, अशी ती रचना आहे. आपल्याकडे मुलींच्या खाण्यापिण्याची, औषधपाण्याची आबाळ झाली तिथं तेही धड झालं नाही, ते वेगळंच. १९९१च्या जनगणनेत महाराष्ट्रात शून्य ते सहा वयाच्या १००० मुलग्यांमागे ९४६ मुली होत्या. निसर्गाच्या जवळच. मग सोनोग्राफीची यंत्रं तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. २००१ मध्ये आकडा ९१३ झाला, २०११ मध्ये ८९४. सोलापूर जिल्हा त्या वेळी ९००च्या आत होता आणि आपल्यापासून फार लांब नसलेला बीड तर ८१०च्याही खाली.

तुमच्यासाठी स्थळ शोधताना घरचे तुमच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान मुलगी बघतात. ती मुलगी जन्मली १९९६-९७च्या सुमाराला, म्हणजे २००१च्या त्या ९१३ मधली. हजारामागे जन्मायला हव्या होत्या त्यापेक्षा पस्तीस-चाळीस मुली कमी. त्या मुली कुठल्या तरी आकाशातून कमी झालेल्या नाहीत. तुमच्या-माझ्या ओळखीच्या घरांत, तुमची आई आज बोलते तीच वाक्यं बोलून त्या कमी झाल्या.

पण हिशोब इथं थांबत नाही. समजा तुमच्या गावात लग्नाच्या वयाचे दोनशे तरुण आहेत. हजारी चाळीस या मापानं त्यांतले आठ बिनलग्नाचे राहायला हवेत. तुम्ही सांगता पन्नास. मग बाकीचे बेचाळीस कुठून आले?

काही आले रांगेमुळं. यंदा ज्याचं जमलं नाही तो पुढच्या वर्षी, आपल्याहून लहान पोरांबरोबर, त्याच मुली बघायला उभा राहतो. दरवर्षी थोडे शिल्लक राहतात आणि रांग लांबत जाते. काही आले घरं लहान झाल्यामुळं. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे सरासरी तीनच्या आसपास मुलं होती, २०१९-२१च्या पाहणीत १.७. जन्म घटत जातात तेव्हा पाच वर्षांनी लहान असलेली पिढी मुळातच आधीच्या पिढीपेक्षा छोटी असते. नवरा मोठा आणि नवरी लहानच हवी, हा हट्ट जितका ताणाल तितकी छोटी पिढी तुमच्या वाट्याला येते. याबद्दल मोर्चात कुणी बोललं नाही, लग्न जमवणारेही बोलत नाहीत, पण याचा भार मोठा आहे.

आणि उरलेले आले मुलींच्या स्वतःच्या निवडीतून. त्या आहेत. पुण्यात नर्सिंग करतायत, हिंजवडीत कामाला आहेत, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर पळतायत. त्या कमी झालेल्या नाहीत, त्यांना तुमच्या घरात यायचं नाही. याला तुम्ही “आजकालच्या पोरींच्या अपेक्षा फार” असं नाव दिलंय. तुमच्या पत्रातलाच एक प्रसंग घेते, जो तुम्ही एका ओळीत उरकलाय. माढ्याकडच्या एका मुलीनं पोहे पुढं ठेवल्यावर दोन गोष्टी विचारल्या. संडास-बाथरूम घरात आहे की परसात? आणि मी डी.एड. केलंय, नोकरी लागली तर करू द्याल का? तुम्ही म्हणालात, “आईला विचारून सांगतो.” आठ दिवसांनी त्यांचा नकार आला, तो जमीन कमी म्हणून, असं तुमच्या घरचे समजले.

मला नाही वाटत पाच एकर बागायत कुणाला कमी वाटली असेल. ती मुलगी शेती बघत नव्हती, घर कसं आहे ते बघत होती. रात्री-अपरात्री बाहेर जावं लागेल का, आणि माझ्या आयुष्याचे निर्णय कोण घेईल, एवढंच तिनं विचारलं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही नकळत देऊन टाकलंत. आणि तुमच्या घरात वहिनींच्या पोटातल्या बाळाबद्दल काय बोललं जातं, हे आसपासच्या गावांत कळत नाही असं समजू नका. नणंदा-भावजयांकडून, बाजारातून, हळदी-कुंकवातून सगळं पोचतं. मुलीची आई स्थळाची चौकशी करते तेव्हा ती एकराच्या आधी हेच विचारते, त्या घरात सून कशी नांदते?

म्हणून माझ्या मते तुमचे दोन प्रश्न मुळात एकच आहेत. वहिनींसाठी तुम्ही उभे राहिलात तर ते पुण्य म्हणून करा, माणुसकी म्हणून करा, पण तुमच्या स्वतःच्या लग्नाशीही त्याचा थेट संबंध आहे. त्या मोर्चाच्या निवेदनात गर्भलिंगनिदानाच्या कायद्याची कडक अंमलबजावणी करा, अशी मागणी होती. मला ती मनापासून पटली होती. जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितलेली ती गोष्ट आज तुमच्या स्वयंपाकघरात मागायची आहे.

एजंटबद्दल. माझं उत्तर ‘नको’ आहे. परराज्यातली मुलगी म्हणून नको, असं मी म्हणत नाही. दूरच्या मुलीशी, दुसऱ्या भाषेच्या मुलीशी चांगला संसार होतो. सोलापुरात तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू एका गल्लीत नांदतात, ते तुम्हाला मी काय सांगू! माझी हरकत त्या अडीच लाखांना आणि त्या आठ दिवसांना आहे. तुम्ही एजंटला हे विचारा : मुलीशी मला तिच्या घरी जाऊन, मधे कुणी न बसता बोलता येईल का? तिचा जन्मदाखला दाखवाल का? पैसे कुणाला मिळणार? लग्नानंतर तिला माहेरी फोन करायचा, परत जायचा मार्ग मोकळा आहे का? यातल्या एकाही प्रश्नावर तो चिडला किंवा ‘ते आमच्यावर सोडा’ म्हणाला, की समजून जा.

यात दोन प्रकारचे धोके आहेत आणि लोक एकाबद्दलच बोलतात. लग्न लावून चार दिवसांत दागिने घेऊन पसार होणारी टोळी, हा पहिला. पेपरात त्या बातम्या येतात, तुम्ही वाचल्या असतील. दुसरा मला जास्त भयंकर वाटतो. मुलगी खरीच आहे, गरीब घरची आहे, तिला काय सांगून आणलंय ते तिलाच ठाऊक, तिला इथली भाषा येत नाही आणि परतीचा रस्ता माहीत नाही. हरियाणात मुलींची संख्या घटली तेव्हा आसाम, बंगाल, बिहारमधून अशा बायका आणल्या गेल्या. तिथं त्यांना ‘मोलकी’ म्हणतात, मोल देऊन आणलेली. गावात मान नाही, जमिनीत हिस्सा मिळायची मारामार. तिच्या गरिबीचा फायदा घेऊन पैसे मोजून बाई आणणं ही मानवी तस्करी ठरू शकते आणि ‘ती राजी होती’ हा बचाव कायदा ऐकत नाही. ती अठरा वर्षांच्या आतली निघाली तर तुमच्यावर बालविवाहाचा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी. पण कायदा बाजूला ठेवला तरी, एका बाजूला घरातली मुलगी जन्मू द्यायची नाही आणि दुसऱ्याची मुलगी विकत आणायची, हे तुम्हाला बघवत नाही असं तुम्हीच लिहिलंय. तुमचं मन बरोबर सांगतंय.

मग करायचं काय? पोटजातीची अट आणि पत्रिका सोडा. घरचे ऐकणार नाहीत, असं म्हणाल. पण ३४व्या वर्षी हा निर्णय तुमचा आहे. आपल्या वयाच्या, एखाद-दुसऱ्या वर्षानं मोठ्या, घटस्फोटित किंवा विधवा स्त्रीचा विचार मनापासून करता येत असेल तर करा. उपकार करतोय या भावनेनं मात्र करू नका, ते तिला पहिल्या भेटीत कळतं. तिला मूल असेल तर त्या मुलाला स्वतः भेटा. बघण्याच्या कार्यक्रमात प्रश्न तिनं विचारावेत, आणि उत्तर तुम्ही जागेवर, स्वतःचं द्यावं. ‘होय’ म्हणता येत नसेल तर ‘नाही’ म्हणा, पण ‘आईला विचारतो’ म्हणू नका. अडीच लाख एजंटला द्यायची तयारी आहे ना? त्यातल्या थोड्या पैशांत घरात बाथरूम होतं.

तुमच्यासारख्या शेतकरी मुलांना मी आणखी एक सुचवते. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. शेतकऱ्यांनी आपण होऊन जमीन बायकोच्या नावे करावी, अशी ती मोहीम. पुढं सरकारनंही त्याच नावाची योजना आणली, तिच्यात बायकोचं नाव सातबाऱ्यावर नवऱ्याबरोबर लागतं. तलाठी कार्यालयात चौकशी करा. ‘लग्नानंतर माझ्या हिश्श्यावर बायकोचं नाव लागेल,’ हे बायोडाटात लिहिलंत आणि पाळलंत, तर मुलीच्या आई-वडिलांना ते नोकरीच्या पगारापेक्षा कमी वाटणार नाही. शेतकरी नवरा नको म्हणणाऱ्या मुलींना पुष्कळदा शेती नको नसते. दुसऱ्याच्या शेतात जन्मभर बिनपगारी राबणं नको असतं.

एवढं करूनही जमलं नाही तर? तेही होऊ शकतं, खोटा धीर मी देणार नाही. रांग लांब आहे आणि ती तुमच्यामुळं लागलेली नाही. लग्न न झालेला पुरुष म्हणजे अर्धा माणूस, हे गावाचं म्हणणं आहे, तुम्ही ते स्वतःला लावून घेऊ नका. त्या पन्नास जणांतले काही दारूकडे वळले, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना एकत्र बसवा. लग्नाची चर्चा करायची गरज नाही, नुसतं बसा, बोला. एकेकट्यानं झुरण्यापेक्षा ते बरं.

दक्षिण कोरियात हेच झालं होतं. १९९० च्या सुमाराला तिथं १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्मत होते. खेड्यातल्या शेतकऱ्यांना बायका मिळेनात, व्हिएतनामहून मुली आणल्या जाऊ लागल्या. मुली शिकल्या, कमावू लागल्या, आणि घराण्याचा प्रमुख पुरुषच असा जो कायदा होता तो तिथल्या घटना न्यायालयानं २००५ मध्ये चुकीचा ठरवला. त्याच काळात आकडा उतरत निसर्गाच्या पातळीवर आला. हे व्हायला एक पिढी लागली. म्हणजे तुमच्या पुतण्यांची पिढी वेगळी निघू शकते. बाळ मुलगी असली तर तिच्यासाठी ‘लेक लाडकी’ योजनेची चौकशीही करून ठेवा. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या घरात पहिल्या आणि दुसऱ्या अपत्यासाठी ती आहे, तिसऱ्याला लागू होईल का हे अंगणवाडीताईंना विचारूनच घ्या, गृहीत धरू नका. योजनेचे पैसे मिळाले नाहीत तर बाळ नको, असं मात्र आईला म्हणू देऊ नका.

भावाशी बोलणं झालं की काय ठरलं ते कळवा. आणि आशाताईंकडची नोंद भाऊ तयार होईपर्यंत लांबवू नका. वहिनी हो म्हणाल्या की झालं.